'दामुन्ह्वा'ला 'बहुसांस्कृतिक' म्हणावं का?

प्रश्न : कोरियन रिअॅलिटी शोमध्ये येणाऱ्या 'दामुन्ह्वा'ला मराठीत 'बहुसांस्कृतिक' म्हणावं का?

उत्तर : नको. 'दा' म्हणजे अनेक आणि 'मुन्ह्वा' म्हणजे संस्कृती हे खरं, पण शब्द वापरात फार आक्रसला आहे. दक्षिण कोरियाच्या २००८च्या कायद्यातलं 'दामुन्ह्वा कुटुंब' म्हणजे कोरियन नागरिक आणि लग्न करून आलेला परदेशी जोडीदार यांचं घर. नवरा-बायको दोघंही परदेशी कामगार असतील, तर त्यांचं घर यात बसत नाही! एखाद्या मुलाला नुसतं 'दामुन्ह्वा' म्हणणं तर हिणवणंच ठरतं. ईबीएस या कोरियन वाहिनीवर २०१३मध्ये सुरू झालेल्या मालिकेच्या नावात 'दामुन्ह्वा'च्या पुढचा शब्द आहे 'गोबू', म्हणजे सासू-सून. घरात बिनसतं, मग दोघी सुनेच्या माहेरी जातात. तेव्हा सरळ 'परदेशी सुनेचं घर' लिहा.

खरी गंमत जेटीबीसी या कोरियन वाहिनीवर २०१४ ते २०१७ चाललेल्या, परदेशी पाहुण्यांच्या चर्चेच्या 'बीजंगसांगह्वेदाम' या कार्यक्रमाच्या नावात आहे. त्याला 'अॅब्नॉर्मल समिट' म्हणणाऱ्यांनी आणि इंग्रजी 'नॉन-समिट'वर समाधान मानणाऱ्यांनीही शब्दाचा अर्धाच विग्रह केला. 'जंगसांग' हे मूळचे दोन वेगळे चिनी शब्द. एक 'माथा + वर', म्हणजे शिखर. त्यावरून 'जंगसांगह्वेदाम', म्हणजे आपली शिखर परिषद. दुसरा 'योग्य + नेहमीचं', म्हणजे सर्वसामान्य. हांगुल या कोरियन लिपीत दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. 'बी' हा नकार. तो 'जंगसांगह्वेदाम' या अख्ख्या समासाला लावा : शिखर परिषद नव्हे अशी बैठक. तोच फक्त 'जंगसांग'ला लावा : चारचौघांसारखं नसलेल्यांची बैठक. नञ् तत्पुरुष दोन्हीकडे आहे, फक्त त्याची हद्द बदलते. मराठीत हा श्लेष उतरत नाही. मूळ नाव ठेवून पहिल्या उल्लेखात दोन्ही अर्थ द्यावेत.

शीर्षकातला 'बीजंगसांग' परदेशी पाहुण्यांना उद्देशून आहे, हे काही समीक्षकांचं मत मला साफ अमान्य आहे. विषयपत्रिकेचा साचाच पाहा : 'असं वागणारा मी जंगसांग की बीजंगसांग?' हे विचारणारे बहुधा कोरियनच, आणि मत देणारे परदेशी. म्हणजे कसोटी लागते ती कोरियन चालीरीतीची. आक्षेप घ्यायचाच तर बैठकीच्या मांडणीवर घ्या : प्रत्येक जण एका देशाचा प्रतिनिधी म्हणून बसतो आणि अख्ख्या देशाच्या वतीनं बोलतो. आई व्हिएतनामची आणि बाप कोरियन असलेल्या मुलीला त्या टेबलावर जागाच नाही.