सरवा ‘देतात’ की ‘सोडतात’?

प्रश्न असा आला आहे: मराठी बायबलमधली रूथ ‘सरवा वेचते’. हा सरवा म्हणजे दान की दशमांश? आणि ‘माझ्या कौशल्याचा सरवा मी गरजूंना देतो’ हे वाक्य बरोबर आहे का?

कापणी-काढणी उरकल्यावर रानात जे राहते तो सरवा. धसकटांत पडलेली ज्वारीची कणसे, भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा. शब्द आपल्या शेतातलाच आहे, भाषांतरासाठी घडवलेला नाही. घेणारा सरवा ‘वेचतो’, मालक तो ‘सोडतो’ किंवा ‘राहू देतो’. ‘सरवा दिला’ हे कानाला खटकते आणि खटकायलाच हवे, कारण दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याची निवड चालते. सरव्यावर ती चालत नाही.

बायबलमधल्या मोशेच्या नियमशास्त्रात हेच आहे. लेवीय 19:9-10 सांगते की शेताचे कोपरे पुरते कापू नका, पडलेली कणसे गोळा करू नका, द्राक्षमळ्यातले गळालेले मणी उचलू नका. ते गरिबांचे व परक्यांचे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात रानात विसरलेली पेंढी आणि झोडपणीनंतर झाडावर राहिलेली जैतुनाची फळे येतात. मराठीत या सगळ्याला आपण सैलपणे सरवा म्हणू, पण हिब्रूत नावे वेगळी आहेत: कोपरा ‘पेआ’, पडलेली कणसे ‘लेकेट’. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, तपशील आहेत. पेआ पिकाच्या एक-साठांशाहून कमी नसावा. कापताना एके ठिकाणी दोन कणसे पडली तर ती गरिबांची, तीन पडली तर मालकाची. पेआ विळ्याने कापायचा नाही, घाईगर्दीत एकमेकांना लागेल म्हणून. वेचणाऱ्यांसाठी दिवसातून तीन वेळा ठरलेल्या. आणि जो मालक एकाला वेचू देतो नि दुसऱ्याला अडवतो, तो गरिबांना लुटतो, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे.

म्हणून रूथ भीक मागत नाही. ती मवाबी, म्हणजे परकी, आणि विधवा. वेचणे हा तिचा हक्कच. शेताचा मालक बवाज गड्यांना पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम काढून टाकायला सांगतो, तिथे मात्र सरवा संपून दान सुरू होते, कारण ती कणसे त्याची होती. संध्याकाळी तिने झोडलेले धान्य एफाभर, म्हणजे सुमारे 22 लिटर सातू भरले. (इथला सातू म्हणजे जव, भाजून दळलेले पीठ नव्हे.)

दशमांश वेगळा. तो उत्पन्न हाती आल्यावर मोजून काढतात, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातले लोक), परके, अनाथ व विधवांसाठी ठेवायचा असे अनुवाद 14 सांगते.

आता कौशल्याकडे. ‘कौशल्याचा सरवा’ हे रूपक मला आवडते, पण क्रियापद बदला: ‘माझ्या कामाच्या वेळेतला सरवा मी सोडतो’. हे खरे ठरायचे तर वेळ आधी सोडावी लागते. महिन्याला 200 तास मशीनवर बसणाऱ्या शिंप्याचा साठावा भाग 3 तास 20 मिनिटे. ऑर्डरी घेण्याआधीच वहीत तो वार आणि वेळ अडवून ठेवावी, येईल त्याचे काम येईल त्या क्रमाने घ्यावे, दोरा-सुई रोजचीच वापरावी. ‘वेळ उरला तर बघू’ म्हटले की दिवाळीच्या हंगामात काहीच उरत नाही. उभे पीक सगळे कापून घेतल्यावर कोपरा कुठून आणणार? कपाटातल्या चिंध्या नि नादुरुस्त मशीन देऊन टाकणे हाही सरवा नव्हे. सरव्यातले कणीस मालकाच्या कणग्यातल्या धान्याच्याच जातीचे असते.

परतफेडीची अपेक्षा असेल तर ‘सावड’ म्हणा: आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. तोही चांगला व्यवहार आहे, फक्त शब्द दुसरा. यापो इथली टबीथा उर्फ दुर्कस विधवांसाठी अंगरखे आणि वस्त्रे करी (प्रेषितांची कृत्ये 9). तिथे कपडा शिवून हातात दिला जातो, म्हणून तिच्या कामाला ‘दानधर्म’ हाच शब्द नेमका बसतो.