कान गेले, पण ‘अपघात’ कुठे झाला?

प्रश्न : इचलकरंजीत एकाच मालकाकडे १४ वर्षं यंत्रमाग चालवतो. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मालक म्हणतात, अपघात नाही तर भरपाई कसली?

उत्तर : हे साफ चूक आहे. आवाजाने आलेला बहिरेपणा १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत होता, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. त्या मालकाकडे सलग सहा महिने काम झालं असेल, तर तो आजारच अपघात धरतात. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर मात्र दावा ईएसआयकडे करायचा, आयुक्तांकडे (भरपाईचे दावे ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे) नाही.

ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची यंत्रावरची तपासणी, करण्याआधी निदान चौदा तास मागाच्या खडखडाटापासून लांब राहा; नाहीतर पाळीनंतरचा तात्पुरता बधिरपणा तपासणीत मिसळतो आणि मालकाची बाजू नेमकं त्यावरच बोट ठेवते. आवाजाने कान गेले असतील तर तपासणीच्या आलेखाची रेघ ४००० हर्ट्‌झच्या (उंच पट्टीच्या आवाजाच्या) आसपास खड्ड्यासारखी खाली जाते, बहुधा दोन्ही कानांत. हे आणि कामाचं स्वरूप डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

खरी अडचण पुराव्याची. रोखीने मजुरी घेणाऱ्यांकडे कागदच नसतो. हजेरी कार्ड, बोनसची पावती, जे असेल ते आजच जपून ठेवा. आयुक्तांकडे दावा करायची मुदत दोन वर्षांची. आजाराने सलग घरी बसावं लागलं, त्या पहिल्या दिवसापासून ती मोजतात.