चलान भरण्याआधी त्यातला फोटो उघडून बघा

तुम्ही विचारलंय की दुचाकीवर जुनं चलान निघालंय, त्यापुढे 'कोर्टात पाठवले' असं दिसतंय. तर कोर्टातली नोंद कुठे बघायची, पैसे कुठे भरायचे, की लोकअदालतीची वाट बघून कमी रकमेत मिटवायचं. आधीच्या उत्तरांत बहुतेकांनी "पाचशेच रुपये आहेत, भरून टाका आणि मोकळे व्हा" असा सल्ला दिलाय. तो वाचून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

चलानमधला फोटो उघडून बघितलात का? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. मेसेजमधली रक्कम सगळे बघतात, फोटो कोणी बघत नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडीवरची सगळी चलानं दिसतात. प्रत्येक चलानमध्ये तारीख, वेळ, ठिकाण आणि फोटो असतो. तो मोठा करून बघा. नंबर प्लेटच्या आधी गाडी बघा: रंग, मॉडेल, आरसे, डिकी, सीट कव्हर. तुमची गाडी तुम्हाला पाठमोरीसुद्धा ओळखता येते.

आता आमच्या घरात काय झालं ते सांगतो, म्हणजे मी एवढा आग्रह का धरतोय ते कळेल.

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. कराड आगारातून निवृत्त झाले. विनाअपघात सेवेबद्दल आगारात सत्कार झालेला. त्याचा फोटो आजही बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर आहे. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एक राखाडी स्कूटर. मंडई, बँक, शेतावर एखादी फेरी, एवढाच तिचा वापर. हेल्मेट घातल्याशिवाय चावी फिरवणार नाहीत. गल्लीतली पोरं हसायची, अण्णांना फरक पडायचा नाही.

२०२२च्या पावसाळ्यात त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. विनाहेल्मेट, ५०० रुपये. ठिकाण एका मोठ्या शहरातला चौक, जिथे ती स्कूटर कधी गेलेलीच नाही. अण्णांनी मेसेज दोनदा वाचला आणि ताईला फोन केला, कारण मी तेव्हा कामाने बाहेरगावी होतो. ताईने दाजींना सांगितलं. दाजींनी तिथल्या तिथे यूपीआयने पाचशे रुपये भरले आणि अण्णांना फोन करून म्हणाले, "मिटलं अण्णा, काळजी करू नका. आता या वयात तुम्ही कुठे पोलीस चौकीच्या पायऱ्या चढणार?"

दाजींचा हेतू चांगला होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण अण्णांनी त्यांना एकच प्रश्न विचारला: "म्हणजे मी हेल्मेट घातलं नव्हतं हे मी कबूल केलं, असंच झालं ना?" दाजी म्हणाले, असं काही नसतं हो. मी सांगतो, असंच असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २००खाली दंड भरून गुन्हा तडजोडीने मिटतो. ते प्रकरण बंद होतं आणि मग फोटोतली गाडी कोणाची होती हे बघायला कोणी ती नोंद पुन्हा उघडत नाही. अण्णा त्या रात्री न जेवता झोपले. आयुष्यभर रस्त्यावर काढलेल्या माणसाच्या नावावर म्हातारपणी, न केलेल्या गोष्टीची पावती फाटली होती. पाचशे रुपयांचं त्यांना काही नव्हतं.

गणपतीत दुसरं चलान आलं. तोच चौक, तोच गुन्हा. मग तिसरं. मी सुट्टीवर घरी आलो होतो, पोर्टल उघडून फोटो बघितला तर गाडी लाल! त्यावर दोन पोरं, दोघांच्याही डोक्यावर काही नाही. फोटो मोठा केला आणि प्लेटवर नजर गेली. आमच्या नंबरात जिथे ३ आहे, तिथे त्या प्लेटवरचा आकडा विचित्र दिसत होता. इंग्रजी 8 ची डावी बाजू खरवडली की 3 होतो. खरवडलेल्या रंगाची पुसट कड फोटोत दिसत होती. त्या पोरांनी स्वतःची चलानं आमच्या दारात पाठवायची सोय करून ठेवली होती.

पहिल्याच चलानचा फोटो कोणी उघडला असता तर विषय तिथेच संपला असता.

मी पोर्टलवर तक्रार टाकली. सोबत आरसीची प्रत आणि आमच्या स्कूटरचे समोरून, मागून, बाजूने काढलेले फोटो. काही दिवसांनी तक्रार अमान्य झाल्याचं दिसलं. म्हणून त्या शहरातल्या वाहतूक शाखेत गेलो. अण्णाही हट्टाने बरोबर आले. तिथल्या कर्मचाऱ्याने स्क्रीनवर बघून जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून आजही जात नाही: "पहिलं चलान तुम्ही भरलंय की. गाडी तुमची नव्हती तर भरलं कशाला?" दाजींचा "मिटलं अण्णा" आमच्या समोर येऊन उभा राहिला. अण्णा काही बोलले नाहीत. मी बोललो, आवाज चढवून बोललो. शेवटी आतल्या केबिनमधल्या सहायक पोलीस निरीक्षक बाईंनी आम्हाला बोलावलं, आमचे फोटो आणि चलानमधले फोटो शेजारी शेजारी लावले, प्लेट मोठी केली आणि म्हणाल्या, "ही गाडी वेगळी आहे, उघड दिसतंय." त्यांनी दुसरं चलान रद्द केलं. त्या लाल गाडीचा मूळ नंबर काय असेल तेही त्यांनी लिहून घेतलं.

तिसरं तोपर्यंत कोर्टात गेलं होतं, आणि तुमचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो.

कोर्टाची नोंद दोन ठिकाणी सापडू शकते. एक म्हणजे व्हर्च्युअल कोर्टाची वेबसाइट. महाराष्ट्रातल्या वाहतूक आणि परिवहन चलानांसाठीचं आभासी न्यायालय २०२०मध्ये नागपुरात सुरू झालं. साइटवर महाराष्ट्र निवडा, मग गाडीचा नंबर, चलान नंबर किंवा मोबाइल नंबर टाकून शोधा. प्रकरण तिथे असेल तर प्रस्तावित दंडाची रक्कम दिसते आणि समोर दोन पर्याय असतात: दंड मान्य करून तिथेच ऑनलाइन भरणं, किंवा खटला लढवणं. लढवणार म्हटलं की प्रकरण ज्या भागात गुन्हा नोंदलाय तिथल्या नेहमीच्या कोर्टाकडे जातं.

दुसरी जागा ई-कोर्ट्स सर्व्हिसेस, म्हणजे नेहमीच्या कोर्टांतली प्रकरणं शोधायची सरकारी वेबसाइट. तिथे राज्य, जिल्हा आणि कोर्ट संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. आरसीवर इंग्रजीत जसं नाव आहे तसंच टाका, आणि नाही सापडलं तर स्पेलिंग बदलून बघा. आमचं आडनाव तिथे एक अक्षर कमी करून नोंदलेलं होतं. एकदा प्रकरण सापडलं की त्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून ठेवा. महाराष्ट्रातला सीएनआर एमएचने सुरू होतो. पुढच्या तारखा, आदेश, सगळं त्या एका नंबरावर बघता येतं आणि नावाच्या स्पेलिंगचा घोळ उरत नाही.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: वाहतूक पोलिसांचं चलान वेगळं आणि आरटीओच्या भरारी पथकाचं वेगळं. आरटीओचं असेल तर ते केंद्राच्या परिवहन ई-चलान साइटवर शोधा. एका ठिकाणी काही दिसलं नाही म्हणून गाडी स्वच्छ आहे असं समजू नका.

आम्ही खटला लढवायचा पर्याय निवडला. दाजींनी पुन्हा फोन केला. आता तर कोर्ट आहे, वकील आला, तारखा आल्या, पाचशेसाठी किती घालवणार? अण्णांनीच फोन घेतला आणि म्हणाले, "जावईबापू, मी जाणार." तारखेला पांढरा सदरा-लेंगा, टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स आणि छापून आणलेले फोटो. वकील लावला नव्हता. आमचा पुकारा व्हायला दुपार झाली. न्यायाधीशांनी दोन्ही गाड्यांचे फोटो बघितले आणि सरकारी बाजूला विचारलं. गाडी वेगळी असल्याचं त्यांनी मान्य केलं आणि खटला निकाली निघाला. अण्णांनी आदेशाची सही-शिक्क्याची प्रत मागितली, रीतसर अर्ज करून. ती घेऊनच घरी आले.

पहिल्या चलानचे पाचशे परत मिळाले नाहीत. ते भरलेलं चलान आजही नोंदीत आहे.

आता लोकअदालत. चलान थकलं की दाखलपूर्व (कोर्टात दाखल होण्याआधीचं) प्रकरण म्हणून लोकअदालतीचा मेसेज येतो, आणि लोक त्याची वाट बघतात, कारण सवलतीची आशा असते. माझं मत स्पष्ट आहे: गुन्हा तुमचाच असेल तर सवलतीसाठी थांबू नका, लगेच भरा. सिग्नल तोडून सेलची वाट बघणं मला पटत नाही. आणि सवलत प्रत्येक वेळी, प्रत्येक जिल्ह्यात सारखीच मिळेल असं धरूनही चालू नका. गुन्हा तुमचा नसेल तर लोकअदालतीत मिटवायला अजिबात जाऊ नका. तिथे तडजोड होते, ती दोघांच्या संमतीनेच होते, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे तिथल्या निवाड्यावर अपील करता येत नाही. तुम्ही संमती दिलीत की तुमची बाजू तिथेच संपली. न गेल्याने तुम्ही दोषी ठरत नाही. प्रकरण फार तर कोर्टात जाईल, आणि खऱ्या माणसाला तेच हवं असतं.

चलान जुनं असेल तर तारीख नीट बघा. निव्वळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत आहे. आधी ती दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८मध्ये होती, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४मध्ये आहे. उशिराला योग्य कारण असेल तर कोर्ट तो माफ करू शकतं, म्हणून मुदत टळली म्हणून चलान आपोआप रद्द झालं असं समजून बसू नका. पण प्रकरण कोर्टात कधी दाखल झालं ते ई-कोर्ट्सवर दिसतं. ती तारीख आणि चलानची तारीख शेजारी ठेवा आणि अंतर जास्त असेल तर तो मुद्दा कोर्टात मांडा. तसंच कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यांबद्दल केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१मध्ये १६७अ हा नियम आला. त्यात नोटीस पंधरा दिवसांत पाठवायला सांगितली आहे, आणि चलानचा निकाल लागेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवायलाही. फोटो दिसत नाही असं कोणी म्हटलं तर हा नियम पुढे करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली तर उघडू नका, खातं रिकामं होतं. सरकारी साइटचा पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतो, तेवढं तपासा. आणि गाडी विकली असेल पण आरसीवर अजून तुमचंच नाव असेल, तर चलान तुमच्याच दारात येणार. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० नुसते सही करून एजंटकडे टाकू नका, नाव बदललं का ते परिवहनच्या साइटवर स्वतः बघा.

मी वकील नाही. वर लिहिलंय ते आमच्या प्रकरणात करावं लागलं म्हणून शिकलेलं. दारू पिऊन गाडी, अपघात, विनालायसन्स अशा गोष्टी असतील तर यातलं काही लावू नका, वकील गाठा.

दाजी अजूनही म्हणतात की त्या पाचशेपायी तुम्ही प्रवासात आणि रजेत कितीतरी जास्त घालवलेत. हिशेब बरोबर आहे त्यांचा. पण त्या पोरांनी तो नंबर आणखी किती दिवस वापरला असता, आणि उद्या त्या लाल गाडीने कोणाला उडवलं असतं तर पोलीस पहिल्यांदा कोणाच्या दारात आले असते, याचा हिशेब त्यांनी कधी केला नाही. हे मी त्यांना प्रत्येक दिवाळीत विचारलंय. ताई विषय बदलते.

तर आज रात्री पोर्टलवर फोटो बघा. गाडी तुमची आणि चूक तुमची असेल, तर व्हर्च्युअल कोर्टाच्या साइटवर रक्कम भरा आणि पावतीची पीडीएफ जपून ठेवा. पोलिसांच्या पोर्टलवर नंतर काही काळ ते थकीत दिसू शकतं, तेव्हा ती लागेल. गाडी तुमची नसेल तर एक रुपयाही भरू नका आणि इथेच खाली कळवा. आमच्या तक्रारीचा मजकूर माझ्याकडे आहे, तो टाकतो. त्यात नंबर, तारखा आणि गाडीचं वर्णन तेवढं बदलून घ्या.