अंगावर पाजताना सनस्क्रीन चालेल का?

त्वचारोग ओपीडीत समुपदेशन करताना उन्हाळा लागला की एक प्रश्न हमखास येतो: सनस्क्रीनमधली रसायनं रक्तात जातात का? बाळंतीण विचारते तेव्हा तिला खरं तर दुधाचं विचारायचं असतं.

सायनच्या सिग्नलवर ड्युटी करणाऱ्या एक ट्रॅफिक हवालदार ताई अशाच आल्या. बाळ आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं. गरोदरपणात गालांवर आलेले वांग गेले नव्हते, म्हणून डॉक्टरांनी सनस्क्रीन लिहून दिलं होतं. सनस्क्रीनमधली रसायनं दुधात उतरतात आणि संप्रेरकं (हार्मोन्स) बिघडवतात, असा एक व्हिडिओ मोबाइलवर पाहिल्यापासून ड्युटीवरून घरी आल्या की त्या बाळाला घेण्याआधी मान आणि छाती बेसनाने खसाखसा घासायच्या. कॉलरच्या कडेने कातडी सोलवटली होती. घरचे म्हणत, "काही होत नाही गं, लाव." त्याने धास्ती वाढतच गेली.

मी म्हटलं, "ताई, रक्तात जातात हे खरं आहे." भीतीत जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करावं, या मताची मी आहे. नाहीतर पुढचं कुणी ऐकत नाही.

मग २०१९चा अमेरिकेतला अभ्यास सांगितला. २४ निरोगी माणसांनी अंगाच्या ७५ टक्के भागावर, दिवसातून चार वेळा, चार दिवस सनस्क्रीन लावलं. अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन अशी रसायनं रक्तात मिलीलिटरला ०.५ नॅनोग्रॅमच्या वर गेली. या रेषेच्या वर गेलं की तिथलं औषध खातं सुरक्षिततेच्या आणखी चाचण्या मागतं. तिच्यापलीकडे अपाय सुरू होतो, असा तिचा अर्थ नाही. सनस्क्रीन बंद करा, असं अभ्यासकांनीही म्हटलं नाही.

"पण दुधात?" त्यांनी विचारलंच. ऑक्सिबेन्झोन आईच्या दुधात सापडलेलं आहे, हेही मी लपवलं नाही. संप्रेरकांवर परिणाम दिसला तो मुख्यतः उंदरांना भरमसाट मात्रा खाऊ घातलेल्या प्रयोगांत. तरी युरोपीय संघाने २०२२मध्ये अंगभर लावायच्या क्रीममध्ये त्याची मर्यादा २.२ टक्क्यांवर आणली, चेहऱ्याच्या क्रीमसाठी ६ टक्के ठेवली. म्हणजे सावधगिरी घेतली जातेय.

पर्समधून ट्यूब काढून आम्ही दोघींनी मागची बारीक अक्षरं वाचली. ऑक्सिबेन्झोन नव्हतंच, अ‍ॅव्होबेन्झोन होतं. ते वापरत राहिलं तरी चाललं असतं, पण रोज धाकधूक घेऊन कशाला? त्याऐवजी झिंक ऑक्साइडचं क्रीम घेता येतं, ते त्वचेतून जवळजवळ आत जात नाही. सावळ्या रंगावर ते पांढरट दिसतं, म्हणून डॉक्टरांशी बोलून आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं क्रीम ठरवलं. वांगासाठी तेच जास्त उपयोगी, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतात आणि साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

छातीवर क्रीम लावायचंच नाही, तिथे गणवेश असतो. हात साबणाने धुवायचे, बेसन बंद. ड्युटीवर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. ते जमेल का, याची त्यांना शंका होती. चहाच्या सुट्टीला जोडून घ्या, म्हटलं.

उठता उठता त्यांनी बाळाचं विचारलं. सहा महिन्यांपर्यंत सावली आणि सुती कपडेच. आता बाहेर न्यायचंच असेल तर उघड्या भागावर झिंकचं थोडं क्रीम चालेल, पण दुपारी बारा ते तीन त्याला घरातच ठेवा.