गोंगाट वाटतो ना? मग 'पॅरनॉइड'पासून सुरू करा

तुमचा प्रश्न असा: आजवर हिंदी-मराठीच ऐकलं, रॉक म्हणजे नुसता गोंगाट वाटतो, तरी स्वतःच्या आवडीचे अल्बम सांगा आणि ते का ऐकायचे तेही सांगा.

गोंगाट वाटतो हे एका परीने बरंच आहे. ज्यांना पहिल्या फटक्यात रॉक 'सॉफ्ट, छान' वाटतं, ते 'हॉटेल कॅलिफोर्निया' या एका गाण्यावर मुक्काम ठोकतात आणि पुढे सरकतच नाहीत. 'सर्वकालीन महान' वगैरे यादी मी देत नाही, ती कुठेही मिळेल. माझा निकष साधा आहे. ऐकताना कुणाचे हात वाजवतायत आणि कुठल्या जागेत वाजवतायत, हे कानाला कळलं पाहिजे. ते कळायला लागलं की गोंगाटातली एकेक वस्तू वेगळी ऐकू येते.

म्हणून पहिला ब्लॅक सबाथचा 'पॅरनॉइड', १९७०. हे लोक बर्मिंगहॅमचे, कारखान्यांच्या शहरातले. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. वय सतरा, नोकरी सोडलेली, शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला तेव्हा परत जायचं त्याच्या मनात नव्हतं, पण आईने धाडला. त्या दिवशी पत्रा दाबणाऱ्या यंत्रावरची, म्हणजे प्रेसवरची बाई आली नव्हती म्हणून याला प्रेसवर बसवलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. गडी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच.

माझे वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, फिटर होते. इंग्रजी गाण्यांशी त्यांना काही देणंघेणं नाही, पण हा किस्सा सांगितल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "पॉवर प्रेस का? गार्ड नसणार." आणि मग, "नवख्याला बसवतात प्रेसवर, आणि नंतर धावतात." किसननगरात वाढलेल्या पोरांना अशी बोटं नवीन नसतात. तळहातावर तंबाखू मळणारं बोट अर्धंच आहे, असे काका आमच्या आजूबाजूला होते.

आयोमीच्या फोरमनने त्याला एक रेकॉर्ड आणून दिली. जँगो राइनहार्टची. जँगो हा जॅझ गिटारिस्ट, आगीत हात भाजल्यावर मुख्यतः दोनच बोटांनी सोलो वाजवणारा. आयोमीने मग घरातल्या लिक्विड सोपची प्लास्टिकची बाटली वितळवली, त्याचा गोळा केला, सोल्डरिंग आयर्नने भोक पाडून बोटावर बसेलसं टोपण केलं, पॉलिश पेपरने घासलं आणि जुन्या जॅकेटचं चामडं त्यावर चिकटवलं. तारा हलक्या लावल्या. 'पॅरनॉइड'नंतरच्या, १९७१ च्या अल्बमपासून तर तारा उतरवून सैलच करून टाकल्या, बोटांना ताण कमी पडावा म्हणून. हेवी मेटलचा जो जाड, खर्जातला आवाज जगभर गाजला, त्यात या फिटर-छाप जुगाडाचा मोठा हात आहे.

आता 'वॉर पिग्ज' लावा. सुरुवातीला संथ गिटार आणि मागे भोंगा. मग एकदम सगळं थांबतं. गिटारचे दोन फटके, आणि त्यानंतर फक्त हाय-हॅटची (ड्रमसोबतच्या झांजांच्या जोडीची) टिकटिक, तिच्यावर गायक ऑझी ऑस्बॉर्न एकटा एक ओळ म्हणतो. परत दोन फटके. परत टिकटिक. गाण्यात वाद्यांपेक्षा मोकळी जागाच जास्त आहे. याला गोंगाट कसं म्हणणार? आणि त्याच अल्बमवरचं 'प्लॅनेट कॅराव्हॅन' तर इतकं हळू आहे की शेजारचे तक्रार करणार नाहीत. त्याच्या शेवटी जी गिटार येते ती मेटलची नाहीच, सरळ जॅझची आहे. फोरमनची ती रेकॉर्ड कुठे मुरली ते तिथे ऐकू येतं. 'पॅरनॉइड' हे शीर्षकगीत मात्र जागा भरायला घाईघाईत केलेलं. गाजलं तेच, पण मला ते अल्बममधलं सगळ्यात साधं गाणं वाटतं.

दुसरा लेड झेपलिनचा चौथा, १९७१. मुखपृष्ठावर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. 'स्टेअरवे टू हेवन' यातच आहे, त्याबद्दल तुम्हाला कोणीही सांगेल. मी तुम्हाला शेवटच्या गाण्याकडे पाठवतो, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या, तीन मजली घरात त्यांनी मुक्काम केला होता. जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या पायथ्याशी मांडले आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने माइक वरच्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीत टांगले. ड्रमला माइक चिकटवायचाच नाही, घरात घुमलेला आवाज पकडायचा. पाडव्याच्या स्वागतयात्रेत पथक तलावपाळीवर मोकळ्यात वाजतं तेव्हा ढोल एक असतो, आणि तेच पथक राम मारुती रोडवर दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये शिरलं की तो ढोल छातीत वाजतो. तसंच हे. फक्त एक माणूस आणि एक जिना.

याच अल्बमवर 'फोर स्टिक्स' आहे, बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवलेलं. १९७२ मध्ये बँडचा गिटारिस्ट जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ते पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. हे मुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. उत्सुकता म्हणून ऐका. अल्बमवरचं जास्त चांगलं आहे.

पिंक फ्लॉइडचा 'विश यू वर हिअर', १९७५, हा माझा सगळ्यात लाडका. बँडचा पहिला म्होरक्या सिड बॅरेट मनाचा तोल ढासळल्यामुळे १९६८ मध्ये बँडबाहेर गेला. अल्बम बराचसा त्याच्या नसण्याबद्दल आहे. ५ जून १९७५ ला ॲबी रोड स्टुडिओत काम चालू असताना एक जाडजूड, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस आत येऊन उभा राहिला. बराच वेळ कोणी ओळखलं नाही. तो सिड होता. हा किस्सा हल्ली इतका रडवेला करून सांगतात की मला त्याऐवजी अल्बममधल्या रेडिओबद्दल बोलायला आवडतं.

'हॅव अ सिगार' जोरात चाललेलं असतं, आणि एका क्षणात तो सगळा आवाज आकसून छोट्या रेडिओत जातो. कोणीतरी स्टेशन बदलतंय. खरखर, कुणाचं तरी बोलणं, ऑर्केस्ट्राचा एक तुकडा, मग लांबच्या स्टेशनवर लागल्यासारखी बारा तारांची गिटार, पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. थोड्या वेळाने अगदी तुमच्या बाजूला कोणीतरी खोकतं, नाक ओढतं, आणि रेडिओतल्या गिटारच्या साथीला स्वतःची गिटार छेडतं. ती स्वच्छ, भरलेली, खोलीतली. दोन गिटार, दोन जागा, मध्ये अंतर. डेव्हिड गिलमोर या शीर्षकगीताचे शब्द गायला लागण्याआधीच 'तू इथे असायला हवा होतास' हे सांगून झालेलं असतं. गाण्याच्या शेवटी वारा सुटतो आणि त्या वाऱ्याच्या मागे एक व्हायोलिन जेमतेम ऐकू येतं. वाजवणारा स्टेफान ग्रापेली. तोच, जो तरुणपणी जँगो राइनहार्टच्या जोडीला वाजवायचा. तो शेजारच्या स्टुडिओत व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइनबरोबर काम करत होता, याला बोलावून घेतलं आणि मिक्समध्ये जवळजवळ पुसून टाकलं. ते व्हायोलिन स्वच्छ ऐकायचं असेल तर २०११ ची विशेष आवृत्ती शोधा.

अल्बमच्या पहिल्याच गाण्यात, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मध्ये, शब्द यायला साडेआठ मिनिटं जातात. ख्याल ऐकायची सवय असेल तर जड जाणार नाही. नसेल तर धीर धरा, पुढे ढकलू नका. आणि ॲपवर शफल बंद करा, नाहीतर रेडिओची सगळी गंमत वाया. 'पॅरनॉइड' ठाणे-पनवेल लोकलमध्ये आरामात बसतो, पण फ्लॉइड लोकलमध्ये नको. तुर्भ्याला गर्दी चढली की तो खोकला कोणाचा हे कळायचं नाही.

यू टूचा 'द जोशुआ ट्री', १९८७, थोडक्यात. १५ डिसेंबर २०१९ ला हा अख्खा अल्बम त्यांनी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवला, भारतातला त्यांचा पहिलाच कार्यक्रम. पहिल्या गाण्याबद्दल, 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'बद्दल, गायक बोनोने सांगितलंय की बेलफास्टमध्ये माणूस कुठल्या रस्त्यावर राहतो त्यावरून त्याचा धर्म आणि त्याची ऐपत कळते, म्हणून रस्त्यांना नावंच नसलेली जागा. (आमच्या नवी मुंबईत रस्त्यांना नावं नाहीतच म्हणा, पण सेक्टर सांगितला की समोरचा बाकीचं बरोबर ओळखतो.) पहिली तीन गाणी इतकी वाजलीत की गुळगुळीत झाली. तुम्ही 'वन ट्री हिल' ऐका. बँडचा सहकारी ग्रेग कॅरोल डब्लिनमध्ये मोटरसायकल अपघातात गेला, त्याच्यासाठी आहे. बोनो ते एका टेकमध्ये गायला.

आणि इंडियन ओशनचा 'कंदिसा', २०००. दिल्लीचा बँड. अशीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे आणि शेजारी अमित किलम ड्रम्सवर, असा दुहेरी ठेका. सुस्मित सेनची गिटार पाश्चात्त्य रॉकच्या वळणाची नाहीच. 'मा रेवा' हे नर्मदेचं लोकगीत. बेस वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले, तिथून ते बँडमध्ये आलं. अशीमदा २००९ मध्ये गेले, त्यानंतर बँड चालू राहिला, पण तो आवाज नाही.

'कंदिसा' हे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची सिरियाक भाषेतली प्रार्थना आहे. मला त्यातलं अक्षर कळत नाही, तरी तोंडपाठ आहे. इंग्रजी शब्द पकडता येत नाहीत म्हणून रॉकला बिचकत असाल, तर वरचा क्रम सोडा आणि हाच आधी लावा.