नोटिशीने मुदत थांबत नाही

पुण्याच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या एका यार्डाकडून ३८ लाखांना चोवीस फुटी फायबरची बोट घेतली. घरच्यांना पाण्यावर आरामात फिरता यावं म्हणून पक्कं छत, गादीची बाकं, पोहून वर यायला शिडी, लहान फ्रीज आणि संडास हे सगळं यार्डाकडूनच बसवून घेतलं. बोट मांडव्याच्या बाजूला असते. पहिल्याच फेरीत कळलं की छतामुळे ती आडव्या लाटेत भलतीच डोलते. गाद्या पाणी पितात, डेक एका ठिकाणी पायाखाली दबतो. यार्डवाले "पावसाळ्यात बोट वर काढली की बघू" म्हणत राहिले आणि आता त्यांनी सरळ हात झटकले. वकिलामार्फत नोटीस पाठवून चार महिने झाले, उत्तर नाही. ताबा मिळाल्याला पुढच्या महिनाअखेरीस दोन वर्षं होतील. "अजून थोडं थांबून बघावं का?"

नाही. तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा ताब्याला दोन वर्षं होत आली ही गोष्ट मोठी आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. नोटीस पाठवल्याने हा काळ थांबत नाही. मेल, फोन, "बघू, करू", सद्भावनेच्या बैठका, यांपैकी कशानेही थांबत नाही. २००९ साली स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातल्या याच तरतुदीबद्दल सांगितलं की मुदत पाळली आहे की नाही हे ग्राहक आयोगाने आधी पाहायचं. समोरच्याने आक्षेप घेतला नाही तरी पाहायचं. गळका फ्लॅट, फुगलेलं मॉड्युलर किचन, न चालणारं सोलर यांची पत्रं माझ्याकडे सतत येतात आणि बहुतेकांत हाच घोळ असतो: माणसं नोटीस पाठवतात आणि खटला सुरू झाला असं समजून निवांत बसतात.

तुमच्या बाजूने युक्तिवाद आहे, नाही असं नाही. डेकमधला दोष आत दडलेला होता, तो पावसाळ्यानंतर कळला, म्हणून त्याची मुदत कळल्या दिवसापासून मोजावी, असं म्हणता येईल. काही वेळा ते मान्यही होतं. पण बोट डोलते हे तुम्हाला पहिल्या फेरीत कळलं होतं आणि तसा मेसेज तुम्हीच यार्डाला केला होता. तो मेसेज तुमचा पुरावा आहे आणि तोच तुमच्या मुदतीची सुरुवातही दाखवतो. म्हणून घरात बसून ताबा पावतीवरच्या तारखेपासून दोन वर्षं मोजा आणि त्याच्या आत दाखल करा. उशीर झाल्यास माफी मागण्याची सोय कलम ६९ मध्येच आहे, पण ती आयोगाच्या मर्जीवर. हातात दिवस असताना माफीचा अर्ज लिहायची वेळ कशाला आणायची?

कुठे दाखल करायची यावर डोकं शिणवू नका. तुम्ही दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत आहे, त्यामुळे जिल्हा आयोग. आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे पुणे. ऑर्डर फॉर्मवर "वाद फक्त पणजीच्या न्यायालयात" असं छापलंय त्याने बहुधा अडणार नाही. तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात वकील गावाला गेले ही सबब उरत नाही.

आता तुमच्या ऑर्डर फॉर्मबद्दल. ३८ लाखांच्या व्यवहारात "कस्टमायझेशन" या रकान्यासमोर दोनच शब्द आहेत: "चर्चेप्रमाणे". छताचं वजन किती, स्टीलचा पाइप ३०४ ग्रेडचा की ३१६ चा, फोम कुठला, डेकला भोकं पाडली तर ती कशाने बंद करायची, काही नाही. घरात सोफा शिवायला देतानाही माणूस कापडाचा तुकडा जोडून देतो. खाऱ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या बोटीला सोफ्याचा स्पंज भरला तर तो पाणी पिणारच. तिथे पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम लागतो. हे यार्डाला ठाऊक असायलाच हवं होतं, पण "तेच ठरलं होतं" हे दाखवायला तुमच्या हातात कागद नाही. ताबा पावतीवर तर "सर्व काम तपासून समाधानकारक मिळाले" याखाली तुमची सही आहे, आणि त्या दिवशी बोट पाण्यात उतरलीही नव्हती. न वाचता केलेली सही नंतर किती महाग पडते हे सांगून मी थकलो आहे.

तरी सगळं गेलेलं नाही. माल विक्री कायदा, १९३० चं कलम १६ सांगतं की खरेदीदाराने आपला हेतू विक्रेत्याला कळवला असेल आणि त्याच्या कसबावर विसंबून माल घेतला असेल, तर माल त्या हेतूला साजेसा असला पाहिजे. "आई सत्तरीची आहे, तिला ऊन सोसत नाही, बोट हलता कामा नये" हा तुमचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि त्यावर यार्डाचं "डोन्ट वरी सर, एकदम स्टेबल" हे उत्तर इथे कामाचं आहे. ते संपूर्ण संभाषण काढा, निवडक स्क्रीनशॉट नकोत. आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याचे नियम काटेकोर लावत नाही, पण समोरच्याला खोट काढायला जागा का द्यायची?

पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही हळूच लिहिलंय की गेल्या वर्षी अलिबागच्या वेल्डरकडून छतापुढे सावलीची कमान बसवून घेतली आणि तिचे पाय डेकला स्क्रूने आवळले. ही गोष्ट पहिल्या ओळीत यायला हवी होती. वॉरंटीतलं कलम म्हणतं, लेखी परवानगीशिवाय केलेल्या बदलामुळे "उद्भवलेल्या" दोषाची जबाबदारी यार्डाची नाही. म्हणजे वॉरंटी अख्खी संपत नाही. प्रश्न दोष कशातून आला एवढाच. गाद्या वेल्डरने भिजवल्या नाहीत. डोलणं कमानीच्या आधीचं आहे. डेकचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही. दबणारी जागा कमानीच्या पायाशी असेल, तर स्क्रूच्या भोकातून पाणी आतल्या प्लायवुडपर्यंत गेलं असं यार्ड म्हणेल आणि त्यात तथ्य असू शकेल. जागा यार्डाने बसवलेल्या बाकाखाली असेल, तर चित्र उलटं होतं.

हे मरीन सर्व्हेअर, म्हणजे बोटी तपासणारा तज्ज्ञ, ठरवेल. त्याच्याकडून बोट तपासून लेखी अहवाल घ्या: डेक ठोकून आवाज कुठे बद्द होतो, स्क्रू काढल्यावर आतला लाकूडभुसा ओला निघतो का, छत आणि कमान यांचं वजन किती, फ्रीज आणि बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) एकाच बॅटरीवर आहेत का. शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. नांगरावर उभ्या बोटीत फ्रीजने बॅटरी संपवली तर आत आलेलं पाणी उपसायला पंप चालत नाही. तपासणीची तारीख यार्डाला आधी मेलने कळवा, आले तर आले. अहवालासाठी तक्रार मात्र अडवू नका, तो नंतरही जोडता येईल.

"डिझेलचा खर्च निघावा म्हणून" शनिवार-रविवार ओळखीच्यांना बोट भाड्याने देता, तेही थांबवा. त्यावरून तुम्ही ग्राहक नाही, व्यापारी वापर करता, असा मुद्दा यार्ड काढेल. अधूनमधूनच्या भाड्याने तक्रार बाद होईलच असं नाही, पण लपवू नका. शिवाय खासगी वापरासाठी काढलेला विमा अशा फेरीत उपयोगी पडेल का, ते पॉलिसीत पाहा.

निकाल कधी? कायद्यात तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात काही वर्षं धरून चला. सामनेवाल्याला उत्तराला ३० अधिक १५ दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं. पण त्यानंतरच्या तारखांना असा लगाम कुणी घातलेला नाही. अध्यक्षांच्या आणि सदस्यांच्या जागा महिनोन् महिने रिकाम्या ठेवायच्या आणि कायद्यात तीन महिने लिहायचे, ही लोकांची फसवणूक आहे. म्हणूनच दाखल करण्यातला उशीर तरी आपल्याकडून नको.

एक गोष्ट खटल्यापलीकडची. ७ मे २०२३ ला केरळात तानूरला बोट उलटून २२ जण गेले, त्यात लहान मुलं होती. ती मासेमारीची बोट बदल करून पर्यटकांसाठी वापरात आणली होती. उंचीवर वजन चढवलेली बोट आडव्या लाटेत किती सावरेल हे नजरेने कळत नाही. नोंदणीनंतर केलेले बदल मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयाला कळवले का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कळवले नसतील तर लेखी कळवा आणि तुमच्या बोटीला फेरतपासणी लागते का ते विचारून घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत कमान काढू नका, डेक दुरुस्त करू नका, ते पुरावे आहेत. आणि तोवर त्या बोटीत आईला किंवा मुलांना नेऊ नका.