मोठ्या मूळ संख्येच्या मागे लागण्याआधी

अरे, उत्साह चांगलाय, पण पहिल्याच आठवड्यात २०२४ साली सापडलेल्या ४ कोटी १० लाख अंकांच्या मूळ संख्येवर उडी मारू नकोस. आधी त्याच साच्यातली छोटी ३१ घे. वही, पेन, आणि कॉलेज रोडवरचा एक कटिंग, एवढ्यात काम होतं.

३१ म्हणजे दोनाचा पाचवा घात वजा एक. आता ४ पासून सुरू कर: वर्ग कर, २ वजा कर, ३१ ने भागून बाकी ठेव. ४, मग १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी शून्य. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आलं की संख्या मूळ. हीच लुकास-लेहमर चाचणी, ‘दोनाचा घात वजा एक’ अशा संख्यांसाठीची. १२७ वर (दोनाचा सातवा घात वजा एक) पाच पायऱ्या स्वतः करून बघ.

घातांक मूळ असला की झालं, असं मीही समजायचो. २०४७ ने तोंडावर पाडलं: दोनाचा अकरावा घात वजा एक, आणि निघाला २३ गुणिले ८९! पण गंमत बघ, दोन्ही अवयवांना २२ ने, म्हणजे घातांकाच्या दुपटीने, भागलं तर बाकी १. अशा संख्यांचे अवयव असेच असतात, त्यामुळे शोधायची जागा खूप कमी होते. गणितज्ञ ऑयलरने याच आधारावर १७७२ मध्ये २१४७४८३६४७, म्हणजे दोनाचा एकतिसावा घात वजा एक, मूळ असल्याचं दाखवलं, हातानं.

संगणक नंतर. आपल्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या कापरेकरांनी आकड्यांशी हातानंच तर दोस्ती केली. रविवारी १२७ ची वही घेऊन ये, बाकी कुठे चुकली ते बघू.